शंभराव्या दिवसाआधी

चिआयी,
१२ ऑक्टोबर २०१९

प्रिय हान,

अनेक आशीर्वाद. तू आणि घरची सगळी खुशाल असाल. ओसाकात आता स्वेटर निघाले असतील, इथे अजून पंखा लागतो. मी बरी आहे. दुकान चालू आहे. रोज आठ-दहा जणांचे डोळे तपासते, चष्मे विकते, घरी येऊन जेवते, झोपते. झोप लागते. शेजारणी विचारतात, आता कसं वाटतंय? मी म्हणते, ठीक. ते खोटं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल होतो ना, तसं झालंय. गाल आपलाच, पण चावला गेला तरी कळत नाही.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू घाईत असतोस आणि मग मीही हवापाण्यावर बोलून फोन ठेवते. आणि आई म्हणायचीच, "तोंडी सांगू नकोस, लिहून दे. तोंडी सांगितलेलं ऑफिसात कुणी मानत नाही."

तू नव्हतास, आणि तिच्या अंत्यविधीचं तुला मी नीट सांगितलंच नाही. कॉलेजचे दोनशेच्या वर जुने विद्यार्थी आले होते. बसायला खुर्च्या सत्तर. कुणी सांगायच्या आत ते आपापल्या वर्षाप्रमाणे रांगेत उभे राहिले, जुनी बॅच पुढे, नवी मागे. पदवीदानाच्या दिवशी ती त्यांना असंच उभं करायची. कॉलेजच्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या ऑफिसात चौतीस वर्षं, सात विभागप्रमुख. "साहेब बदलतात, कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहते," हे तर तू शंभरदा ऐकलंयस. एक टक्कल पडलेला कंत्राटदार ढसाढसा रडत होता. म्हणाला, "त्साय ताईंनी सकाळी सातला फोन करून मला उठवलं नसतं तर मी अजून तिसऱ्या वर्षातच असतो." त्याचा मित्र म्हणाला, "दिसतोस तिसऱ्या वर्षातलाच. केस तेवढे पास होऊन गेले." मग दोघंही रडले. मी रडले नाही. मी लोकांना पाण्याच्या बाटल्या देत होते.

शवपेटीला खिळा मामांनीच ठोकला. आईच्या माहेरचं माणूस म्हणून तो मान त्यांचाच. उदबत्तीचं पात्र मी धरलं होतं. मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "हे मुलाचं काम. मुलगा कुठाय?" मी म्हटलं, "मामा, हात भरून आलेत, आधी पुढे चला." ते चालायला लागले, पण रस्ताभर पुटपुटत होते.

को सरही आले होते, काठी टेकत. तुमचे तेच ते, ज्यांच्या विषयात तू दोन गुणांनी राहिलास आणि कॉलेज सुटलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "निकालाच्या आदल्या दिवशी तुझी आई माझ्या खोलीत आली होती. संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. परीक्षकांच्या जेवणाच्या डब्यांचं बोलली, कोण गोमांस खात नाही, कोण पौर्णिमा-अमावास्येला शाकाहारी. मग उठली. दारापर्यंत गेली, परत आली, टेबलावरची सालं गोळा केली आणि गेली. काय मागायला आली होती ते मला कळत होतं. मागितले असते तर ते दोन गुण मी दिले असते."

हे मी तुझं मन वळवायला लिहीत नाही. नववर्षाच्या जेवणाला भरल्या ताटावरून उठून तू तिला म्हणालास, "लोकांच्या पोरांसाठी सगळ्या मास्तरांची दारं ठोठावलीस, माझ्यासाठी एक ठोठावलं नाहीस." ते तू म्हणालास त्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर तू दोनदा आलास आणि दोन्ही वेळा हॉटेलात उतरलास. ती दाराशी गेली होती एवढं तुला माहीत हवं. आत गेल्यावर तिला मागता आलं नाही. दुसऱ्यांच्या पोरांसाठी तिची जीभ कधी अडली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

नऊ नोव्हेंबरला तिचा शंभरावा दिवस. त्या दिवशी तिचं नाव घरातल्या पूर्वजांच्या नामपाटीत जायचं आहे. मामा गेल्या महिन्यात कौल लावायला आले. उदबत्ती लावून विचारलं, "ताई, घरी आलीस ना? नाव घालू ना?" कौलाच्या दोन्ही लाकडी फोडी पालथ्या पडल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा पालथ्या. होकाराची एक उताणी, एक पालथी काही पडेना. सात वेळा नाही. मामांच्या कपाळावर घाम आला. म्हणाले, "ही घरात नाहीच. कुठे राहिली?"

मी म्हटलं, ऑफिसात असेल. मामांनी विचारलं, "ऑफिसात आहेस का?" दोन्ही फोडी उताण्या पडल्या. "हसतेय," मामा म्हणाले. "चौतीस वर्षं रजा घेतली नाही, मेल्यावर कुठली घेणार!" तरी आम्ही दोघं कॉलेजात गेलो. तिच्या जागी आलेल्या मुलीने टेबल रिकामं करून दिलं, स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. मामांनी तिथे हाक मारली. कौल नाहीच आला. परत येऊन त्यांनी एकेक जागा विचारली. हॉस्पिटल? नाही. बाजार? नाही. मग म्हणाले, "कॉलेजमागच्या पुलावर?"

हो. लागोपाठ तीन वेळा हो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी घरी आणताना पूल आला तेव्हा तू तिला सांगितलंस ना? न सांगता पूल ओलांडला की जीव तिथेच राहतो." मी म्हटलं, सांगितलं. मामा म्हातारे आहेत, त्यांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी ते एकटेच पुलावर गेले, हाका मारून आले. परत आल्यावर कौल तोच. "हट्टी बाई," ते म्हणाले. "येत नाही. कुणाची तरी वाट बघतेय."

हान, आता मला सगळं क्रमाने लिहिलं पाहिजे.

"आईला हॉस्पिटलात नेलं त्याच दिवशी मला का नाही कळवलंस?" असं तू विचारलं होतंस. मी उत्तर दिलं, सगळं फार घाईत झालं. घाईत काही झालं नाही. ती हॉस्पिटलात अकरा दिवस होती. ओसाकाहून विमान तीन तासांचं. एवढ्यात तू चारदा येऊन गेला असतास.

तिथे एक नर्स होती, जाडजूड, मायाळू. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "तुमच्याकडे क्षितिजापलीकडचा मातृभक्त आहे का?" मला कळेना. ती म्हणाली, "असतो हो घरोघरी एक. वर्षानुवर्षं फिरकत नाही, शेवटच्या दिवशी बॅग घेऊन उगवतो आणि नळ्या घाला, यंत्र लावा म्हणून डॉक्टरांच्या अंगावर धावतो. म्हातारीचे हाल होतात." आईने नळ्या नको म्हणून आधीच सही करून ठेवली होती, स्वतःच्या हाताने, तारखेसह. मी मनाशी धरलं की तू येऊन तेच करशील. तुला कळवायचं नाही याला मला कारण मिळालं.

पण ते कारण खरं नव्हतं. तू नळी मागितली नसतीस. तू दाराशी उभा राहिला असतास, तिच्यासारखाच.

खरं असं आहे की पहिल्या दिवसापासून ती फक्त तुझंच विचारत होती. वीस वर्षं मी तिच्याबरोबर राहिले. तिच्या गुडघ्यांना तेल लावलं, तिच्यासाठी माझं ठरलेलं लग्न मोडलं, आणि ती मला विचारायची, "हान जेवला असेल का गं?" मला राग आला. मला ते अकरा दिवस माझे हवे होते. तुला बोलावलं असतं तर तू खोलीत पाऊल ठेवल्या ठेवल्या ते तुझे झाले असते. म्हणून फोन केला नाही. यात दुसरं काही नाही. मी चाळीस ओलांडलेली बाई आहे आणि मी हे केलं.

दोन ऑगस्टला दुपारी डॉक्टर म्हणाले, शेवटचा श्वास घरी घ्यायचा असेल तर आता निघा. अँब्युलन्समध्ये मी तिच्या उशाशी होते, एक माणूस हवेची पिशवी दाबत होता. गाडीवाला वयस्क, जाणता. प्रत्येक वळणावर मागे ओरडून सांगायचा, आणि मी तिच्या कानाशी म्हणायचे, आई, डावीकडे वळतोय. आई, बाजार आला. सगळं नीट चाललं होतं. तो म्हणाला, "पूल आला, सांगा त्यांना." तेवढ्यात माझा फोन वाजला. तुझं नाव. मामींनी तुला निरोप पाठवला होता हे मला नंतर कळलं. मी फोन हातात धरून बघत राहिले. तो वाजत वाजत थांबला. तो फोन मी मुद्दाम घेतला नाही.

मामांना वाटतं मी पूल सांगितला. तुला इथवर वाचून वाटलं असेल की मी गप्प बसले. दोन्ही खरं नाही. फोनच्या आवाजाने तिने डोळे उघडले होते. दोन दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "हान?" आवाज नव्हता, ओठ हलले. आणि मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "हो आई. हान आलाय. पुलापर्यंत पोचलाय."

तिने मान त्या बाजूला वळवली. आमची गाडी पुलावरून पुढे निघून गेली. वीस मिनिटांनी घरी, पुढच्या खोलीत तिचा श्वास थांबला, तेव्हाही मान तशीच होती. आम्ही सरळ केली.

मी तीन वेळा पुलावर जाऊन आले, मामांना न सांगता. माझ्या हाकेला ती येणार नाही. तिला मी सांगितलंय की तू तिथे आहेस.

हे वाचून तू माझं तोंड पाहणार नाहीस, हे धरूनच लिहिलंय. नको पाहूस. मी त्या दिवशी दुकानात थांबेन, घराची किल्ली मामांकडे ठेवेन. तू फक्त विमानाने ये, पुलावर जा आणि तिला घरी घेऊन ये.

तुला न कळवणारी,
तुझी ताई
पेइ-युन