आईंना आठ वाजता वळवा

सुवर्णाताई,

आत्ता दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं तेव्हा वाटलं, तुम्ही उठताय. पण कूस बदलून परत झोपलात. आठवडा झाला, सायखेड्याचं घर सोडून आमच्यासाठी राबताय, म्हणून उठवत नाही. आज नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सची वॉर्डातली परीक्षा आहे, सहाची बस धरते.

आईंची पेज कुकरमध्ये आहे. तेजूची वेणी तेवढी घाला, माझ्याकडून आज राहिली.

एक सांगते, रागावू नका. काल तुम्ही म्हणालात, "आईला एवढी छान झोप लागली होती, कशाला हलवू?" मायेनंच म्हणालात. पण संध्याकाळी अंग पुसताना त्यांच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. दाबला तरी फिका पडत नाही, म्हणजे एकाच जागी पडून जखम व्हायला लागलीय. अर्धांगाच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावंच लागतं, झोप मोडली तरी. 'प्रतिभा लय मास्तरीण झाली' म्हणाल. म्हणा, पण वळवा. तिथली कातडी फुटली तर कोर्स सोडून घरी बस, असं तुमचे भाऊ रात्री स्पष्ट बोललेत. दोनच महिने उरलेत हो.

आत्ता उजव्या कुशीवर करून निघतेय. आठला डावीकडे वळवा, पाठीशी उशी लावा.

तेजू उठली वाटतं. माझी पिशवी धरून उभी आहे आणि विचारतेय, "मम्मी, आपली आजी तर इथंच आहे. मग तू दुसऱ्यांच्या आजीला वळवायला कशाला जाते?"