थेल्माची लॉरी आणि आमचं लुटुपुटीचं भांडण

लिंकनशायर, मार्च १९४४
(गावाचं नाव लिहायला बंदी आहे. चिखल कुठे जास्त आहे ते आठव, म्हणजे कळेल.)

ती. हेस्टरताईस,

धाकट्या क्लेमचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपला लिहिण्यापुरता. आमच्या अंगावर जे कपडे चढवतात त्यात वाकायचं म्हटलं, तर दोघांनी धरावं लागतं आणि मग चौघांनी उचलावं लागतं.) तुझं पत्र पोचलं. अर्नल्डभाऊजींचा खोकला हटत नाही हे वाचून वाईट वाटलं, पण त्यांनी पाइप सोडला नाही हेही तू त्याच पानावर लिहिलं आहेस, तेव्हा उगाच खोकल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. माझी प्रकृती विचारशील तर डावा पाय सोडून बाकी सगळा क्लेम गारठलेला आहे. वर आभाळात फार थंडी, म्हणून आम्हाला विजेवर तापणारा पोशाख देतात, त्यातली सगळी ऊब माझ्या डाव्या पायात जमा होते. कोठीवरच्या साहेबाकडे गाऱ्हाणं नेलं, तर म्हणाला, "मग पाय बदलून बघा." असल्या लोकांच्या जिवावर आपण लढाई जिंकायला निघालोय.

विमानात मी नेमकं काय करतो असं तू विचारलंस. बसतो. या अवाढव्य धुडाच्या शेपटाला काचेचा एक पिंजरा आहे, त्यात चार बंदुका पुढ्यात घेऊन उलट्या तोंडाने बसतो. बाकीचे सहा जण जायचं तिकडे बघतात, मी आलो तिकडे बघतो. सगळी पोरं आहेत गं. आमचा वैमानिक डेन्झिल कॉर्नवॉलचा, एकवीस वर्षांचा; मिशी ठेवलीय असं तो सांगतो, म्हणून आम्ही मानतो. माझी तिशी जवळ आली, म्हणून मी सगळ्यांचा 'आजोबा'. नकाशे बघणारा प्रॉसर नावाचा एक वेल्श कार्टा आहे. निघण्याआधीच्या जेवणात आम्हाला खरंखुरं अंडं मिळतं आणि परत आल्यावर आणखी एक. तर हा रोज न चुकता विचारतो, "अहो आजोबा, तुम्ही परत नाही आलात तर तुमचं दुसरं अंडं मी खाऊ का?" मी म्हणतो, "अरे मेल्या, आपण एकाच विमानात आहोत!" तर म्हणतो, "विचारून ठेवलेलं बरं."

तुमचं हल शहरातलं घर बाँब पडून गेलं तेव्हा मी दातओठ खात भरती झालो, आठवतं ना? आता दातओठ खायला होत नाही. बाँब टाकायचं काम उरकून आम्ही वळलो की बाकीच्यांना पुढे नुसता काळोख, आणि मला मागची आग दिसत राहते, कितीतरी वेळ. तिथेही कुणाची तरी ताई राहत असणार. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि वाटूनही पुढच्या वेळी मी पुन्हा जातो. इथे असलं कुणी बोलत नाही, म्हणून तुला लिहिलं. भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

आता मुख्य गोष्ट. इथे शहाणीसुरती माणसं नशिबाच्या इतकी आहारी गेलीत की विचारू नकोस. डेन्झिल गळ्यात एक बायकी मोजा बांधल्याशिवाय यंत्राला हात लावत नाही. (मोजा त्याच्या आईचा आहे. त्याला वाटतं आम्हाला माहीत नाही.) निघण्याआधी आम्ही सातही जण मागच्या चाकाभोवती उभे राहून जे करतो, ते थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही; चाकाला अभिषेक होतो एवढं समज, आणि विजेच्या पोशाखात त्यासाठी किती बटणं सोडावी लागतात याची कल्पना करू नकोस. मी या सगळ्याला हसतो. (अभिषेक मीही करतो, पण तो थंडीमुळे.)

तर अशा या माणसांनी थेल्मा नावाच्या एका पोरीला पांढऱ्या पायाची ठरवलं. आम्हाला विमानापर्यंत नेऊन सोडणारी लॉरी ती चालवायची. हवाई दलाच्या बायकांत तिच्याइतकी झकास गाडी कोणी चालवत नाही, आणि तिच्याइतक्या शिव्याही कोणी देत नाही. तिचं लग्न एका वैमानिकाशी ठरलं होतं, तो गेला. मग वर्षभराने एकाबरोबर ती नाचायला गेली, तोही गेला. तिसऱ्याने तर बिचाऱ्याने तिच्या सायकलची साखळी बसवून दिली होती, बाकी काही नाही. पण तो त्याच आठवड्यात परत आला नाही आणि झालं! तीन माणसं तिच्या नावावर लागली. इथून निम्मी माणसं अशीच जातात, त्यांना काय थेल्माने साखळ्या बसवायला सांगितल्या होत्या? पण ऐकतो कोण. जेवायला ती बसली की तिच्या टेबलावरची माणसं हळूच ताटं उचलायची. तिची लॉरी आली की धट्टीकट्टी पोरं पॅराशूट खांद्यावर मारून चिखलातून पायी निघायची, वर "पाय मोकळे करतो गं जरा" असं सांगायची. ती बिचारी रिकामी लॉरी घेऊन त्यांच्या मागे मागे.

माझ्या पायाला कुरूप आहे हे तुला ठाऊक आहे. मी काही चिखलातून चालणारा नव्हे. मी एकटा तिच्या शेजारी जाऊन बसलो. ती म्हणाली, "उतर. मरशील." मी म्हटलं, "बाई, चालून मरण्यापेक्षा बसून मेलेलं बरं." तिने गिअर टाकला आणि इतक्या जोरात लॉरी काढली की माझं डोकं मागे आपटलं. अशी सुरुवात झाली. पुढचं लिहीत नाही, तू समजून घे. आयुष्यात पहिल्यांदाच ताई, मला पुढे बघावंसं वाटायला लागलं.

आम्ही दोघं सिनेमाला गेल्याचं प्रॉसरने पाहिलं, आणि विमानाच्या पंखाखाली पंचायत बसली. डेन्झिल बोलायला उभा राहिला, कानापर्यंत लाल झालेला. "आजोबा, तुमच्या खासगीत आम्हाला नाक खुपसायचं नाही. पण तुम्ही मेलात तर एकटे थोडेच मरणार? आम्हालाही घेऊन जाल की!" सहाही पोरांचे चेहरे पांढरे पडले होते, आणि भ्यालेल्या माणसाने विमान चालवू नये हे मलाही कळतं. ठरलेल्या फेऱ्यांपैकी आमच्या थोड्याच उरल्यात, त्या झाल्या की सुटका. तेव्हा मी एक अक्कल लढवली. (माझ्या अकलेबद्दल आई काय म्हणायची ते तुला पाठ असेल.) मी थेल्माला म्हटलं, आपण सगळ्यांसमोर कडकडून भांडू. पोरांची खात्री पटेल, ती निर्धास्त उडतील, आणि फेऱ्या संपल्या की आपण चर्चमध्ये जाऊ. तिने लॉरीची काच पुसून काढली आणि मग हो म्हणाली. तिने काय बोलायचं तेही मीच लिहून दिलं. त्यात 'निर्लज्जा' हा शब्द दोनदा होता.

शनिवारी भर कॅन्टीनमध्ये तिने माझं एक अक्षर वापरलं नाही. कस्टर्डचं भांडं उचललं, माझ्या डोक्यावर पालथं केलं आणि अशी काही कडाडली की पियानो वाजवणारा थांबला. "नको मला तू! लांब राहा माझ्यापासून! म्हातारा हो मेल्या, टक्कल पडू दे तुझं, तोंडाचं बोळकं होऊ दे, पण पुन्हा माझ्या लॉरीत पाय ठेवलास तर याद राख!" सगळ्या तळाने टाळ्या पिटल्या. प्रॉसर बाकावर उभा राहून शिट्ट्या मारत होता. कानातून कस्टर्ड काढता काढता माझ्या मनात आलं, वा रे पठ्ठे, काय नाटक केलंस!

त्यानंतरच्या फेरीला पोरं गात निघाली. परत आलो तेव्हा विमानाची चाळण झाली होती, पण आलो सगळे. पोरांनी मला बिअर पाजली. बघा, म्हणे, ती सुटली आणि आपण वाचलो. मी संधी साधून लॉरीपाशी गेलो आणि थेल्माची पाठ थोपटली. ती हसली नाही. म्हणाली, "मी नाटक केलं नाही, क्लेम." तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ती जे ओरडली त्यातली एकही शिवी शिवी नव्हती गं. म्हातारा हो म्हणाली, टक्कल पडू दे म्हणाली! पोरांचं सोड, तिचा स्वतःचाच त्या पांढऱ्या पायावर विश्वास बसला होता. आणि आम्ही जिवंत परत आलो, हा तिला पुरावाच मिळाला. जिवंत आल्याची एवढी पंचाईत आजवर कुणाची झाली नसेल. मी पुष्कळ समजावलं, ओरडलो, शेवटी रडलोसुद्धा. ती म्हणाली, "तीन पुरे झाले." बदलीचा अर्ज तिने आधीच टाकला होता.

गेल्या मंगळवारी ती गेली. खांद्यावर मोठी पिशवी घेऊन चिखलातून एकटी बसच्या थांब्याकडे चालत निघाली; इतक्या पोरांना तिने लॉरीतून नेलं, पिशवी धरायला एकही आला नाही. मीही नाही. त्या दिवशी आम्हाला उडायचं होतं आणि डेन्झिल माझ्याकडे बघत होता. त्याचा राग येत नाही मला. राग माझाच येतो, आणि तो जात नाही.

आता योगायोग असा की तिची बदली तुम्ही आता राहता त्या बेव्हर्लीजवळच्याच तळावर झाली आहे. मी तिला तुझा पत्ता दिला होता, पण ती आपण होऊन यायची नाही. तूच जा आणि रविवारी चहाला ओढून आण. फार वाळली आहे. तिच्या शिव्यांनी भाऊजींना ठसका लागेल, लागू दे. माझं नाव काढू नकोस. नुसतं खाऊ घाल.

बाकी इथे सर्व क्षेम. काळजी करू नये. भाऊजींना नमस्कार आणि कोंबड्यांना माझा आदर सांगणे.

तुझा,
क्लेम

ता. क. रुबार्बचा मुरंबा उरला असेल तर एक बरणी पाठव. प्रॉसरसाठी नव्हे असं वर ठळक लिही.

ता. क. दुसरा. खरं काम वर लिहायला धीर झाला नाही, ते आता लिहितो. मी परत आलो तर माझं मी बघेन. तिच्या दारात जाऊन बसेन आणि हाकललं तरी उठणार नाही. पण माझं काही बरंवाईट झालं, तर तार तुझ्याकडे येईल. ती आली की त्याच दिवशी थेल्माला गाठ आणि सांग, की क्लेमने तुला केव्हाच सोडलं होतं. कॅन्टीनमधलं भांडण त्याच्या बाजूने खरंच होतं. तो दुसऱ्याच एका मुलीच्या नादी लागला होता, तिच्याशी लग्न ठरवून बसला होता. रडू नकोस, चांगली चिडून सांग, म्हणजे खरं वाटेल. मला नालायक म्हण, लागेल ते म्हण. ती माझ्या नावाने बोटं मोडेल, मोडू दे. पण चौथा म्हणून मी तिच्या नावावर लागता कामा नये. मी तिचा नव्हतोच, असं तिला पटलं पाहिजे. ताई, एवढं खोटं माझ्यासाठी बोल.

ता. क. तिसरा. त्या दुसऱ्या मुलीचं नाव तुला सुचेल ते ठेव. फक्त ती दिसायला थेल्मापेक्षा बरी होती असं मात्र सांगू नकोस. तेवढं खोटं माझ्याने सहन व्हायचं नाही.