आकडा नसलेला बिल्ला

ठाणे, ३ जानेवारी १९५२
आजपासून काम पद्धतशीर. रोज एक मिलिटरी बिल्ला तपासायला घ्यायचा; पलटण, धातू, साल वहीत लिहायचं. एकतीस जमलेत. हा निव्वळ छंद आहे. आमच्या मुलाशी, सुधीरशी, त्याचा काही संबंध नाही. सौ.ने विचारलं, तेव्हा तसंच सांगितलं.

५ जानेवारी
कल्याण कॅम्पात भंगारवाल्याकडे गेलेलो. पलटणी गेल्या, निर्वासित आले, पितळ अजून निघतंय. एक सुरेख बिल्ला मिळाला. वाद्य, वर मुकुट. १९१०चा, सरहद्दीवरचा. खात्री आहे.

६ जानेवारी
टेंभी नाक्यावरच्या पंढरी बँडवाल्याच्या टोपीवर हुबेहूब तोच बिल्ला. लग्नाच्या वरातीतला. असो. तुलनेसाठी लागतोच.

१० जानेवारी, सकाळी ११
मोठा दिवस! पेन्शनर सुभेदार मारुतीराव म्हणाले, सुधीरच्या पलटणीच्या नावातला आकडा पंचेचाळीस साली गेला. त्याआधी खांद्यावरच्या बिल्ल्यावर तो असायचाच. दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणाले.
घरी येऊन कपाट उघडलं. सुधीर इटलीत पडल्याची तार चव्वेचाळीसची. सेहेचाळीस साली त्याचा सोबती तानाजी याने ‘सुधीरभाऊंची वस्तू’ म्हणून पोस्टाने बिल्ला पाठवलेला. त्यावर आकडा नाही! भिंगाने पाहिलं. तुटल्याची, घासल्याची खूणसुद्धा नाही.
म्हणजे पंचेचाळीसनंतरही सुधीर होता. तार चूक.

११ जानेवारी
सुनेला, हेमाला, सांगितलं. ती ऐकून पोळ्या लाटत राहिली. एक करपली. आनंदाने माणसाचं असंच लक्ष उडतं.

१५ जानेवारी
हेमाला म्हटलं, ठसठशीत कुंकू लाव आणि शेजारी हळदीकुंकवाला जा. म्हणाली, “मामंजी, मला आठ वर्षांत कुणी बोलावलेलं नाही.” शेजारच्या बायका मूर्ख आहेत.

२७ जानेवारी
हेमा शिकवते त्या शाळेतले त्र्यंबक मास्तर आले. विधुर. सज्जन माणूस. हेमाशी लग्न करायची इच्छा आहे म्हणाले. तुमचा आशीर्वाद असल्याशिवाय ती हो म्हणणार नाही. मी त्यांना बिल्ला दाखवला, सालांचा हिशोब समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि “थांबेन मी,” म्हणाले. चहा ठेवताना सौ. म्हणाली, “हेमाला विचारा की कुणीतरी.” विचारून काय करायचं? तिला बिल्ल्यांतलं काय कळतं?

२ फेब्रुवारी
हेमाने विचारलं, “मामंजी, मी कुठल्या सालापर्यंत थांबू? तुम्हीच सांगा.”
अभ्यास चालू आहे म्हटलं.

९ फेब्रुवारी
प्लॅन ठरला. तानाजीला गाठायचं, लेखी जबानी घ्यायची, ती सुधीरच्या शोधाच्या अर्जाला जोडून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायची. बिल्ल्याच्या पाकिटावर टिटवाळ्याचा शिक्का आहे. टिटवाळा काही लांब नाही. सहा वर्षांत गेलो नाही, कारण तशी गरज पडली नाही.

१७ फेब्रुवारी, टिटवाळ्याहून परत
तानाजी भाताच्या गिरणीत कामाला आहे. मला बघताच पोतं टाकून उठला. “सुधीरभाऊंचे वडील ना? तोच चेहरा.” मी बिल्ला पुढे केला. त्याने हात लावला नाही. हा पंचेचाळीसनंतरचा आहे, मी म्हटलं.
“बरोबर ओळखलंत, काका. तो माझा.”
तोफेचा गोळा सुधीर बसायचा त्या ऑफिसच्या तंबूवरच पडला, म्हणाला. पाठवण्यासारखं काहीच सापडलं नाही. जे होतं ते यानेच मातीत ठेवलं. पुढे पलटणीतून सुटी होऊन घरी आल्यावर, नुसतं पत्र सुधीरभाऊंच्या माउलीला कसं पाठवू, म्हणून स्वतःच्या खांद्यावरचा बिल्ला काढून पाकिटात घातला.
“चुकलं का माझं?”
नाही, म्हटलं.
त्याच्या बायकोने, रखमाबाईने, जेवल्याशिवाय सोडलं नाही. काय जेवलो, आठवत नाही. जबानीचा कागद कोराच परत आणला.

१८ फेब्रुवारी
साल मी अचूक ओळखलं होतं. वहीत लिहिलं नाही.
हेमाला बोलावलं. आधी तानाजीचं सगळं सांगितलं, मग म्हटलं, मास्तरांना कळव, माझा आशीर्वाद आहे. आशीर्वादाचं तिने ऐकलंच नाही बहुतेक. “तंबूतच होते?” एवढंच विचारलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. मोठ्याने रडली. तार आली त्या दिवशी मीच तिला दटावलेलं, तो येणार आहे, या घरात रडायचं नाही. तेव्हापासून ती रडली नव्हती.
सौ. तिला जवळ घेऊन बसली. दोघींनी मला काही विचारलं नाही. मी दारात उभा राहिलो.