हे मांजर नाही!

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

रॅकून म्हणे अस्वल! अकरावीच्या सहामाहीचा पेपर कारभारी सरांनी काढला, उत्तरंही त्यांनीच ठरवली. ज्यांनी ‘प्रोसायोनिडी’ हे बरोबर कूळ लिहिलं त्यांना भोपळा! मी म्हटलं, सर, गण एक, मांसभक्षी. पण रॅकूनचं कूळ वेगळं, अस्वलाचं वेगळं, मांजराचं वेगळं. तर म्हणतात, “मॅडम, युसूफ वडगावात कोण रॅकून बघाय चाललंय? शास्त्रज्ञांनीबी आधी अस्वलातच घातलता.” घातला होता! अडीचशे वर्षांपूर्वी! मग काढला की! डोकं नुसतं तडकलं.

मंगळवार, १५

घरी आणखी वेगळंच. माळ्यावर उदमांजर व्यालंय. दोन पिल्लं, डोळे जेमतेम उघडलेले. आई अंधारात उतरते, अढीतली सीताफळं फस्त करते. घरमालकीण साखराबाईंच्या कोंबड्याही गेल्या. त्यांचा मुलगा शहादेव काठी घेऊनच फिरतोय. साखराबाई आडव्या आल्या — “मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं. कुठून आणतूस?”

सोन्याचं मांजर! कुठल्या काळात राहतात ही माणसं!

शहादेव मला म्हणाला, “आईमुळं हात बांधलेत मॅडम. न्हाईतर कवाच निकाल लावला असता.”

काठी त्याच्या हातातच होती. काहीतरी करायलाच हवं.

गुरुवार, १७

केजच्या सर्पमित्राला, तानाजींना फोन केला. “ताई, मांजरं धरत न्हाई आमी.” अहो, मांजर नाही, उदमांजर! “तेच की, मांजरच.” मी फोनवरच ओरडले. रॅकून जितकं अस्वल, तितकंच हे मांजर! फोटो पाठवला तेव्हा कुठे पटलं. शनिवारी पिंजरा घेऊन येतात. पिल्लांसकट डोंगरात सोडू म्हणाले. हुश्श!

संध्याकाळी अंगणात साखराबाई — “मांजर धरून नेणार म्हनं?” चार दिवसांचा संताप तिथंच बाहेर पडला. शेजारपाजारही ऐकत होता. ऐकू दे! म्हटलं, हे मांजर नाही! नावात मांजर असलं म्हणून मांजर होत नाही. कूळच वेगळं! शहादेवनं विचारलं, “पक्कं, मॅडम?” शंभर टक्के! वर्गात एवढं कान देऊन कोणी ऐकत नाही. लई बरं वाटलं.

शुक्रवार, १८

सरांनी गुण बदलले नाहीत. सोमवारी प्राचार्यांकडे जाणार. सोडणार नाही!

शनिवार, १९

शहादेवनं पहाटे तिला मारलं. दोन्ही पिल्लांनाही. तानाजी रिकामा पिंजरा घेऊन परत गेले.

मी साखराबाईंवर धावून गेले — मंगळवारी अडवलंत, आज का नाही?

“आता कावून अडवू, मॅडम? तुमीच म्हणलात की, मांजर न्हाई.”