पुढे तीन खाचा, मागे चार

१ जानेवारी १९९८, गुरुवार
सांगली जिल्ह्यात फॉर्म्युला वन समजणारी माणसे दोन. एक मी. दुसरा बुद्धभूषण. तो टेलिफोन खात्यात आहे. त्याची बहीण पुण्याहून इंग्रजी मासिके पाठवते, त्यामुळे त्याला माहिती बरीच असते. पण माहिती असणे वेगळे आणि समजणे वेगळे.
आज माधवनगरला माझ्या रिमोल्डच्या (झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवायच्या) दुकानात आम्ही दोघांनी 'फॉर्म्युला वन अभ्यास मंडळ' स्थापन केले. अध्यक्ष मी. बुद्धभूषणला अध्यक्षपदात रस नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले, म्हणून विचारले नाही.
या वर्षीचे संकल्प. तंबाखू बंद. मशीनची कॉइल बदलून घेणे (दिवाळीत जळाली आहे, तेव्हापासून रिमोल्डचे काम बंद). आणि ८ मार्चला मेलबर्नची पहिली रेस मंडळातर्फे सर्वांना टीव्हीवर दाखवणे.

४ जानेवारी
फार मोठी बातमी. बुद्धभूषणने मासिक वाचून दाखवले. या सीझनपासून नियम बदलले. गाडी दोन मीटर रुंद असायची, ती आता एक मीटर ऐंशी. आणि टायरला खाचा सक्तीच्या. पुढच्या टायरला तीन, मागच्याला चार. आजवर ही मंडळी कोरड्या रस्त्यावर चक्क गोटा, म्हणजे गुळगुळीत टायर लावून पळत होती.
मी ते वाक्य परत वाचायला लावले. दुकान काढल्यापासून मी गिऱ्हाइकांना सांगतोय, टायर गोटा झाला की वापरू नका, नक्षी मारून घ्या. इथे कुणी ऐकले नाही. तिकडे युरोपात पटले.
बुद्धभूषणचे म्हणणे असे, की खाचा वेग कमी व्हावा म्हणून आणल्या आहेत. रबर रस्त्याला कमी टेकते, वळणावर पकड कमी मिळते, मग ड्रायव्हर हळू जातो. मी त्याला बोलू दिले. मासिकवाले लिहितात, हा वाचतो. टायर हाताळलाय कोणी?

१४ जानेवारी, संक्रांत
मंडळात तिसरे सभासद. लालासाहेब, रिटायर्ड हवालदार, मिलिटरीत ट्रक चालवायचे. तिळगूळ घ्यायला आले होते, बसवून घेतले. नवे नियम समजावून सांगितले. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "ह्यात आपला कोण हाय?" आपला कोणी नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह कमी झाला. चहा मात्र दोनदा घेतला.
तंबाखू: सण असल्याने आज मोकळीक.

१८ जानेवारी
सभा. सीझनपूर्व चाचण्यांच्या बातम्या. नवीन टायरवर गाडी घसरते, म्हणून ड्रायव्हर लोक कुरकुरत आहेत. बुद्धभूषण म्हणतो, बघा, मी म्हणत होतो तेच. मी म्हटले, नाचता येत नसले की हे लोक टायरला नावे ठेवतात. माझे भाकीत सभेपुढे मांडले: खाचांचा सर्वात जास्त फायदा लाल गाडीला. पहिली रेस लाल गाडीची. बुद्धभूषण चंदेरी गाड्या म्हणतो. लालासाहेबांनी मत दिले नाही.
कॉइल: मिरजेचा मेकॅनिक आला नाही. मीही गेलो नाही, कारण सभा.

२९ जानेवारी
इलेक्शनच्या जीपा दिवसभर रस्त्यावर. प्रत्येकीचा टायर गोटा. एक पंक्चरला थांबली, तेव्हा ड्रायव्हरला नवीन नियम सांगायला घेतले. गाडीची रुंदी संपवून खाचांवर येतोय तोवर तो चाक गडगडवत शेजारच्या दुकानात गेला. लोकांना ज्ञान नको, पंक्चर पाहिजे.

१ फेब्रुवारी
आज पहाटे सुचले. (सात वाजता.)
रिमोल्डला मशीन लागते. खाचेला मशीन कशाला? ब्लेड तापवायचे, गोटा टायरवर सरळ ओढायचे, पुढे तीन, मागे चार. एका दुपारचे काम. कॉइल जळली हा दैवी संकेतच म्हणायचा. पेंटरकडून बोर्ड रंगवून घेतला: 'फॉर्म्युला खाच. जगातील सर्वात वेगवान गाड्यांचा नियम आता माधवनगरात.' दीपमाला बोर्डाकडे बघत उभी होती. तिने फक्त विचारले, कॉइलचं काय झालं? आमच्या सौभाग्यवतींना दूरदृष्टी नाही.

७ फेब्रुवारी
बोर्ड लावून आठवडा झाला. चौकशी भरपूर, काम एकही नाही. लोक आधी दुसऱ्या कुणी केलेय का विचारतात. सुरुवात करणाऱ्याचे नशीबच असे.

८ फेब्रुवारी
सयाजी आला. दीपमालाचा धाकटा भाऊ, महाबळेश्वरला त्याची स्वतःची टॅक्सी आहे, अँबॅसडर. स्ट्रॉबेरीचा सीझन, पर्यटक भरपूर, आणि चारी टायर गोटा. रिमोल्ड करून पाहिजेत. दाजी असताना दुसरीकडे कशाला जाऊ, म्हणाला. मुलगा गुणी आहे.
जेवताना दीपमालाने त्याच्यासमोर सांगितले, चार दिवस लागू देत, पण मिरजेच्या माणसाला आणा, मशीन चालू करा आणि मगच टायर द्या. मी म्हटले, मेहुण्याला चार दिवस धंदा बुडवून बसवायचे का? उद्या दुपारी गाडी तयार.

९ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. जिल्ह्यातली पहिली फॉर्म्युला खाच.
पुढच्या दोन टायरना तीन-तीन, मागच्यांना चार-चार. रेषा अगदी पट्टीने मारल्यासारख्या. एका जागी ब्लेड थोडे खोल गेले, पण वरून दिसत नाही.
मधल्या सुट्टीत बुद्धभूषण आला. त्याने वाकून मागचे टायर बघितले, खाचेत नख घातले आणि उभा राहिला.
"कृष्णातराव, त्यांचा टायर नवा असतोय. वर रबर असतंय. हितं रबरच न्हाई. तुमी आतलं कापड कापलंय."
सयाजीसमोर आणि दीपमालासमोर म्हणाला. अध्यक्ष कोण, सभासद कोण, याचे भान नाही. मी म्हटले, टेलिफोनच्या खांबावर मी कधी बोललो का? तो चहा न घेता गेला. मत्सर माणसाला कुठे नेतो.
सयाजीने एकदाच विचारले, "दाजी, घाटात चालंल नव्हं?"
मी म्हणालो, मेलबर्नला चालते तर केळघरच्या घाटात का चालणार नाही. तो हसला. पाया पडला आणि गेला. दीपमाला फाटकापर्यंत गेली, गाडी वळेपर्यंत उभी राहिली, आत येऊन भांडी घासत बसली. चहाचे विचारायला विसरली. थकली असेल.

१३ फेब्रुवारी
सयाजीचा फोन. गाडी झकास पळते. स्टँडवरचे टॅक्सीवाले टायर बघायला येतात. मी दीपमालाला दोनदा सांगितले. तिने एकदा ऐकले.
आनंदात तंबाखू. तसे हे वर्षातले पहिले अपयश. (संक्रांत सोडून. आणि इलेक्शनच्या जीपा आल्या त्या दिवशीची चिमूट.)

२२ फेब्रुवारी
सभा बिघडली. मी चाचण्यांतल्या वेळांचे विश्लेषण करत होतो. बुद्धभूषणने मध्येच विचारले, सयाजीने टायर बदलले का? मी विषयावर या म्हटले. त्याने पुन्हा तेच विचारले. मग दुकानातला फोन उचलून आपणच महाबळेश्वरच्या त्या हॉटेलात लावला, जिथे सयाजी गाडी उभी करतो. खात्यातला माणूस, नंबर लगेच मिळाला. रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, सांगा त्याला.
लालासाहेब बघत होते. दीपमाला आतून दारात आलेली.
सयाजी लाइनवर आला. मी विचारले, सगळे ठीक ना? तो म्हणाला, झ्याक. मी म्हटले, इथे एक गृहस्थ उगाच काळजी करत होते. तो म्हणाला, "मग बदलू का दाजी? तुमी म्हणाला तर आजच बदलतो."
एवढ्या माणसांसमोर अध्यक्षाने काय बोलायचे असते? म्हणालो, सीझन चालू आहे, पाडव्याला बघू.
फोन ठेवला. बुद्धभूषण मासिके उचलून निघून गेला. त्याचे सभासदत्व मी स्थगित केले आहे. तसा ठराव एकमताने झाला. लालासाहेब तोवर गेले होते.

२८ फेब्रुवारी
दुपारी फोन. केळघरच्या घाटात उतारावर सयाजीच्या गाडीचा मागचा टायर फुटला. गाडी डोंगराच्या अंगाला धडकली. दुसऱ्या अंगाला गेली असती तर.
मागे बसलेले नवे नवरा-बायको इचलकरंजीचे. किरकोळ खरचटले. सयाजीच्या मांडीचे हाड मोडले. साताऱ्याला दवाखान्यात आहे.
दीपमाला मिळेल त्या गाडीने गेली. मी बरोबर निघालो होतो. ती म्हणाली, नको.

१ मार्च
शांतपणे विचार केला. टायर फुटायची कारणे अनेक. हवा जास्त. उन्हाने तापलेला रस्ता. उतारावर जोरात ब्रेक. गाडीत सामान किती होते, कोणास ठाऊक. नवीन लग्न झालेली माणसे, बॅगा मोठ्या असतात. शिवाय कोणता टायर फुटला हे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. ज्यात ब्लेड खोल गेले तो मागचा डावा होता. उजवाही फुटू शकतो.
संकल्प: डोके थंड ठेवणे.

३ मार्च
साताऱ्याहून निरोप, ऑपरेशन झाले. पायात सळई घातली. कोणता टायर ते विचारले नाही.
बोर्ड उतरवला. ऊन लागून रंग उडत होता.

५ मार्च
मिरजेचा मेकॅनिक आला. मी बोलावले नव्हते. दीपमालाने जाण्याआधी बुद्धभूषणकडून फोन करवला होता म्हणे. तासाभरात कॉइल बदलली. मशीन तापले. इतके सोपे असेल असे वाटले नव्हते. दिवाळीपासून या मेकॅनिक लोकांनी माझा वेळ घालवला.

६ मार्च
केबलवाल्याला रविवारची आठवण दिली. त्याने सांगितले, मद्रासला टेस्ट चालू आहे, गल्लीत कोणी गाडीची रेस बघणार नाही. तरी चॅनेल लावून ठेवायचे त्याने कबूल केले. लालासाहेबांना निमंत्रण दिले. ते म्हणाले, बघू. आणि मग, "पोरगं कसं हाय?" मी म्हटले, उत्तम.

८ मार्च, रविवार
रेस सकाळी साडेआठला होती. दुकानात टीव्ही आणून ठेवला होता, आठ खुर्च्याही मांडल्या होत्या. बराच वेळ बसलो. कोणी आले नाही. मग टीव्ही न लावता साताऱ्याची एसटी धरली. अध्यक्षालाही कौटुंबिक कर्तव्ये असतात.
कऱ्हाडपर्यंत उभा होतो. बोलायचे ते मनात तयार केले: हवा, ऊन, ब्रेक, सामान, या क्रमाने. आधी तब्येत विचारायची, मग हळूहळू विषय काढायचा.
सयाजीचा पाय वर टांगलेला. दाढी वाढली आहे. मला बघून उठायला गेला, दीपमालाने खांदा धरून झोपवला. मी तब्येत विचारली. तो पायाचे काही बोललाच नाही. म्हणाला,
"दाजी, माजंच चुकलं. तुमी एवढं मन लावून टायर करून दिलं, आन मी उतारावर जोरात ब्रेक दाबला. सगळ्यांना त्येच सांगितलंय मी. ती नवी नवरी मागं बसलेली सारखी दिसती. आता गाडी विकतो. चालवायचं धाडसच न्हाई."
माझा तिसरा मुद्दा त्याने आपणहून सांगितला. मला काही बोलावेच लागले नाही.
दीपमाला खाटेच्या पलीकडे उभी होती. माझ्याकडे बघत होती. सयाजीही बघत होता. मी काहीतरी म्हणणार होतो. म्हणायचे मनात होते, एवढे मात्र खरे. तोंड उघडलेही होते. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाने चहा विचारला, मग कप हातात आला, चहा गरम होता.
मी म्हणालो, होते असे कधीकधी. नवीन टायर असल्यावर जपून चालवायचे.
सयाजी 'व्हय' म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केले.
दीपमाला जिन्यापर्यंत पोचवायला आली. मला वाटले, डबा देईल. तिने हात पदरात गुंडाळलेले होते.
"आत बोलायचं हुतं ते बोलला न्हाईसा," ती म्हणाली. "आता बोलू नका. आन मी येते कवा, ते बी इचारू नका."
थकली आहे. भावाचे दुखणे आहे, साहजिक आहे. चार दिवसांत येईल. पाडव्याला तर येईलच.
संध्याकाळी माधवनगरला उतरलो. बुद्धभूषण दुकानासमोरून सायकलवर चालला होता. थांबला. वाटले, सयाजीचे विचारेल. त्याला सगळे माहीत होते, त्याने विचारले नाही. मीच विचारले, रेसचे काय झाले?
चंदेरी गाड्या पहिल्या दोन. बाकीच्या सगळ्यांना त्यांनी एक फेरीने मागे टाकले. माझी लाल गाडी, त्यातला नावाजलेला ड्रायव्हर, सुरुवातीच्याच फेऱ्यांत बाहेर. एवढे सांगून तो पेडल मारून गेला. मी हाक मारली, मागोमाग थोडा चाललोही, आणि विचारून घेतले की नक्की बिघडले काय. त्याने मान न वळवता सांगितले, इंजिन.
आत येऊन आठही खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या आणि हे लिहायला बसलो.
इंजिन गेले. टायरला काही झालेले नाही.