इंग्रजीत सगळं पळतं

२९ एप्रिल, पेण
पापडांचा तिसरा दिवस. कंबर कुरकुरते, हात चालू. संध्याकाळी रोह्याहून मनाली आली, माझ्या लेकीची, सुलभाची मोठी. बी.एड. झाली, मार्क चांगले. पण चार माणसं समोर बसली की पोरीचा आवाज आत जातो. दोन शाळांत नमुन्याचा धडा दिला, दोन्हीकडे नाय म्हणाले. जूनमध्ये रोह्यातल्या एका इंग्रजी शाळेत तिसरा. जावई म्हणतात, यावेळी नाय जमलं तर धाटावला कंपनीत ऑफिसात लावतो, बस दारात येते. हिला मास्तरीणच व्हायचंय. मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, पोरं दिसली की मला काहीच सुचत नाही गं."
सुके बोंबील भाजले. दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने. बरं वाटलं.

३० एप्रिल
धडा म्हणे एकाच शब्दावर. रन. म्हटलं, मला येतो, क्रिकेटचा. तर म्हणाली, त्या एका शब्दाचे अर्थ लिहायला पानं पुरत नाहीत. दुकान चालवणं रन. गिरण चालते ती रन. साडीचा रंग गेला तरी रन. डब्यातलं मीठ संपलं तरी त्यात रन हायच.
मी म्हटलं, म्हणजे आपलं दुकान चालतं नि त्यांचं पळतं? म्हणून ते पुढे गेले वाटतं!
पोट धरून हसली. किती दिवसांनी.
आणि इलेक्शनला आपण उभे राहतो ना, ते तिथेपण पळतात. शेजारच्या भारतीचा नवरा दोनदा उभा राहिला, दोनदा पडला. हे भारतीपुढे बोलायचं नाय.

२ मे
बोलले. जीभ राहत नाय. भारती म्हणाली, "काकू, पळाला असता तरी पडलाच असता, पाय बघितलेत का त्याचे?"
पण आजची खरी गोष्ट वेगळीच. आमच्याकडे पापडाला नियम हाय, ओटीवर जो येईल त्याने लाटणं घ्यायचं. पाहुणा असो, कोण असो, नुसतं बसायचं नाय. मनालीलाही पोळपाट दिला. मान खाली, लाटी फिरतेय. पापडाला आलेल्या मालतीने विचारलं, "कसला अभ्यास गो बाय?" आणि पोरगी बोलायलाच लागली. मान वर न करता.
मालती : "सासू घर चालवते, ते?"
"रन, मावशी."
भारती : "नि सून घरातून पळाली तर?"
"तेपण रन. रन अवे."
"मग इंग्रजांना कळतं कसं, घर कोण चालवते नि पळाली कोण?"
"आजूबाजूचे शब्द बघून कळतं. एकटा शब्द काय सांगणार बिचारा?"
आवाज कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जात होता. तिला पत्ताच नाय. मी पुढची लाटी घेतली. म्हटलं, सांगितलं की बंद होईल नळासारखी.
आज पापडही बरे झाले, पातळ.

५ मे
मी विचारलं, खरंच पायाने पळायचं असेल तर त्यांच्याकडे तो एकच शब्द? नाय म्हणे. हळू पळणं जॉग, जीव तोडून पळणं स्प्रिंट, एकदम झेपावलं की डॅश, जीव वाचवायला पळाला तर फ्ली. आम्ही आमचे काढले. धावणे, पळणे, धूम ठोकणे, पोबारा, सुसाट. मालती म्हणाली, "काढता पाय घेणे राहिलं, आमचे हे त्यात पटाईत." तेवढ्यात वाळवणावर कावळा बसला. भारती लाटणं घेऊन उठली, मनाली ओरडली, "स्प्रिंट!" कावळा उडाला, दोन पापड भारतीच्या पायाखाली. इतकं हसलो की हिंग कुठे ठेवला ते...

(उशीखाली सापडला. कसा गेला देव जाणे.)

११ मे
मनाली गेली आज. एसटीत चढताना मलाच म्हणाली, "आजी, हात कामात असले की मला बोलता येतं. पण शाळेत लाटणं कुठे असणार?"
"ने की. कोण अडवतं?"
"हसतील गं सगळे."
गाडी सुटली. दिवसभर चैन नाय. चहात साखर घालायची राहिली.

१७ जून, रोह्याजवळचं वरसे, सुलभाकडे
पोह्याचं पीठ, पापडखार सगळं घेऊन आले. निघताना भारती, "पावसात पापड? येडी झालीस का काकू?" पापड कुठे, लाट्या. कच्ची लाटी तेलात बुडवून खायला कोणाला नाय आवडत? सुलभा चिडली, "आई, ती शाळा हाय, लग्नघर नाय." मनालीने पोळपाट पिशवीत ठेवला, काढला, परत ठेवला.
पीठ मी कुटलं. मिरची माझ्या हाताने.

१९ जून
लिहू कशी, कुठून सुरू करू.
मला व्हरांड्यात खिडकीजवळच्या बाकावर बसवलं होतं. आत चाळीसेक पोरं, मागे मोठ्या बाई नि दोन मास्तर. मनालीचा आवाज ऐकूच येईना. मग पोळपाटाचा टक आवाज आला. मग लाटण्याचा. आणि मग माझी पोर!
जो रनचं वाक्य सांगेल त्याला लाटी. पोरं उड्या मारायला लागली. पण मिरची. मी आपली आमच्या तोंडाला घातलेली, पेणच्या. इंग्रजी शाळेची पोरं ती, दोन घासांत सगळ्यांचे डोळे लाल. एक मुलगी नाक पुसत ओरडली, "टीचर, माय नोज इज रनिंग!" दुसरा म्हणाला, माझंपण, आणि सगळा वर्ग नळाकडे. सुसाट. मी पदर तोंडात कोंबला.
मोठ्या बाई उठल्या. झालं, म्हटलं. आणि आमची मनाली घाबरायचं सोडून, घरच्या सवयीने, "बसा ना मॅडम, घ्या," म्हणत लाटणं त्यांच्याच हातात! बाई लाटणं धरून उभ्या. हिने नाकं पुसत परत आलेल्या पोरांना तोच धडा पुढे शिकवला, शेवटपर्यंत.
बाई नंतर इंग्रजीत बोलल्या. मनालीने घरी सांगितलं, "कळवू म्हणाल्या." चेहऱ्यावरून काही कळेना म्हणे. मात्र लाटी खाल्ली त्यांनी. मी बघितलं.

२३ जून
फोन नाय. सुलभा उगाच मोबाईल पुसते.
सकाळी जावई रात्रपाळी करून आले. बूट काढता काढता म्हणाले, "मनाली, मग कंपनीत साहेबांशी बोलू ना?"
आतून, भाकरी थापता थापता नव्हे, बाहेर दारात येऊन, रिकाम्या हातांनी, बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नको बाबा. इथे नाही झालं तर कोलाडच्या शाळेत विचारीन. तिथे नाही तर पुढे. मी शिकवणारच आहे."
जावयांचा एक बूट हातातच.
सुलभा म्हणाली, "हळू बोल गो, शेजारी ऐकतात."
ऐकू देत.