कमलमावशी, रेखाची चूक नव्हती

प्रिय कमलमावशी,

परवा मी चुडाव्याला तुमच्या घरी जाऊन आले. तिथं जे बोलले ते तुमच्याही कानावर घालायला हवं, म्हणून हे पत्र.

परभणीच्या दवाखान्यात आपले पलंग शेजारी होते. दोघींनाही जीबीएस. एखाद्या संसर्गानंतर अंगातली प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, तो आजार. मला आधी सर्दी-खोकला झाला होता, तुम्हाला जुलाब. माझे पाय गेले, तुमचे हातही. तरी तुम्हीच म्हणायच्या, "सुनीता, तू माझ्याआधी चालशील बघ. तरणी हायस."

मग एका दुपारी दुखण्यानं हैराण होऊन तुम्ही सुनेला, रेखाला म्हणालात, "तुझ्या हातचं शिळं खाऊनच हे झालं." का बोललात तसं? दुसऱ्या दिवशी श्वासासाठी घशात नळी घातली आणि बोलणं तिथंच थांबलं. रेखा आली की तुम्ही तिच्याकडं बघत राहायच्या. त्या नजरेत काय होतं, मला कळलं नाही. मीही तेव्हा गप्प बसले, ते चुकलंच.

आठवड्यानं तुमच्या हृदयाचे ठोके बिघडले आणि तुम्ही गेलात. मी चार महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागले.

आजार एकच, मग असं का? तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, याचे प्रकार असतात. माझ्या नसांवरचं आवरण गेलं होतं, ते पुन्हा तयार होतं. तुमची आतली नसच खराब झाली होती. ती भरून यायला फार वेळ लागतो, त्यात वय. आणि जुलाबाचे जंतू? "पाण्यातून, खाण्यातून, कुठूनही येतात. कुणा एकाकडं बोट दाखवता येत नाही."

हेच मी तुमच्या मुलाला, गजाननला सांगितलं. तुमचं ते बोलणं मनात धरून तुम्ही गेल्यापासून तो बायकोशी धड बोलत नव्हता.

"मग आई तसं का बोलली?"

"लय दुखायलं होतं त्यांना. माझ्या सर्दीचा आळ कुणावर आला का?"

त्यानं बाजूला सरकून जागा केली. मग रेखाला म्हणाला, "बस इथं." ती बसली.

निघताना तिनं दारात विचारलं, "ताई, आत्याबाई माझ्यावर रागावूनच गेल्या का?"

"मला माहीत न्हाई," मी म्हटलं. खोटं बोलवेना.

पुढच्या तपासणीला तिला सोबत नेईन, डॉक्टरांच्या तोंडून ऐकवीन, हा शब्द देते. तुम्ही माफ केलं, असं मात्र तुमच्या वतीनं कधी सांगणार नाही, मावशी. माफी मागावी असं तिनं काही केलंच नव्हतं.

तुमच्या शेजारच्या पलंगावरची,
सुनीता
बोरी